धडा : सगळ्या गावाचे डॉक्टर

तुमच्या जीपीच्या दवाखान्यात डॉक्टरांबरोबर नर्स, फार्मासिस्ट, कधी फिजिओथेरपिस्टही असतात. सगळे मिळून आपली काळजी घेतात. कशासाठी? पगार मिळतो म्हणून? तो तर हवाच. पण आणखी एक कारण असतं.

१९६१ साली डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट वेल्समधल्या ग्लिनकॉरूग या खाणकामगारांच्या गावात आले आणि तिथेच राहिले. ब्लडप्रेशर वाढलं तरी बऱ्याचदा काहीच दुखत नाही, म्हणून लोक डॉक्टरकडे जातच नाहीत. मग त्यांच्या टीमने गावातल्या मोठ्या माणसांना स्वतःच बोलावून सगळ्यांचं ब्लडप्रेशर मोजलं. ज्यांचं जास्त होतं, त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. एकट्या डॉक्टरला हे जमलं नसतं.

१९७१ मध्ये त्यांनी लिहिलं : ज्यांना उपचारांची गरज जास्त, त्यांनाच ते कमी मिळतात. हे बदलायचं, हीच त्यांची प्रेरणा होती. आणि पेशंट तर रोज रस्त्यात भेटणारे शेजारीच होते!

शब्दार्थ
खाणकामगार – खाणीत काम करणारा माणूस
वर्षानुवर्षं – खूप वर्षं
प्रेरणा – काम करावंसं वाटण्याचं कारण

प्रश्न
१. लोक डॉक्टरकडे का जात नसत?
२. आजी-आजोबांना त्यांच्या फॅमिली डॉक्टरांबद्दल विचारा आणि तीन वाक्यं लिहा.