सेवा घरातली, सेवा समाजाची



जबलपूरला बडा फुहाऱ्याजवळ भरणाऱ्या आमच्या साप्ताहिक स्वाध्यायात एका ताईंनी विचारले, "यजमान अंथरुणाला खिळले आहेत. त्यांचे औषधपाणी पाहायचे की समाजकार्य करायचे?" हा प्रश्न आपल्यापैकी अनेकींचा आहे. उत्तर शोधताना रमाबाई रानडे यांच्या जीवनाकडे पाहूया.

रमाबाईंचा जन्म १८६२ मध्ये सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी झाला. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. पतीने त्यांना शिकवायला घेतले, ते घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना रुचले नाही. रमाबाईंनी बोलणी सोसली, घरकाम केले, पण अभ्यास सोडला नाही.

न्यायमूर्तींची दृष्टी अधू होती. रमाबाई त्यांना वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचून दाखवत. ही पतिसेवाच होती. पण वाचता वाचता देशाचे प्रश्न त्यांना स्वतःलाही कळत गेले. सेवेतूनच त्यांची तयारी झाली.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाई तेव्हा अवघ्या ३८ वर्षांच्या होत्या. जवळजवळ वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. दुःखालाही वेळ द्यावा लागतो, हे आपण विसरू नये. त्यानंतर मात्र त्या येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटू लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. रुग्णसेवा हे काम घरंदाज स्त्रीला कमीपणाचे मानले जाई, त्या काळात तेथे विधवांना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. घरातला सेवाभाव असा समाजाच्या उपयोगी आला. पुढे मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या उभ्या राहिल्या. १९२४ मध्ये त्यांनी देह ठेवला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रमाबाईंच्या पाठीशी त्यांचे पती होते. आज रुग्णाची सेवा करणारी ताई पुष्कळदा एकटी असते. तिला नुसता त्यागाचा उपदेश करणे सोपे आहे. तिच्या रुग्णाजवळ दोन तास बसणे, हा खरा सत्संग होय.

ताईंनाही एवढेच सांगावेसे वाटते, की आज उशाशी बसून केलेली सेवा वाया जात नाही. बाहेरचे काम थांबले तरी वाचन आणि चिंतन सुरू ठेवा. वेळ येईल तेव्हा तीच शिदोरी उपयोगी पडेल.

चिंतनासाठी :
१. माझ्या घरी रुग्णसेवेचा भार एकीवरच पडला आहे का?
२. त्यातला कोणता वाटा मी उचलू शकतो?

या आठवड्याचा संकल्प : ओळखीच्या एका रुग्णाच्या घरी जाऊ, आणि सेवा करणाऱ्या व्यक्तीला थोडी विश्रांती देऊ.