अंजिराची छाटणी उन्हात नको

परसात अंजीर लावणाऱ्याला खत, पाणी, तांबेरा, पाखरांचा त्रास याबद्दल सगळे सांगतात. चिकाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडे पुना अंजिराचे झाड आहे. फळ नव्या फुटीवर धरते, त्यामुळे छाटणी चुकत नाही. मीठा बहारासाठी ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे नेमकी कडक उन्हात येते. अशाच एका दुपारी मी फांद्या छाटल्या आणि कवेत घेऊन कुंपणापाशी नेऊन टाकल्या. त्या दिवशी काही जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी हातांची आग सुरू झाली, मग कोपरापर्यंत फोड आले. फांद्या जिथे घासल्या होत्या, तिथे तसेच पट्टे उठले. फोड सुकले, काळे डाग मात्र कित्येक महिने राहिले.

कारण त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले. अंजिराच्या पानांत आणि कोवळ्या फांद्यांत सोरालेन असते. कोडावर वापरतात त्या बावचीतही हेच द्रव्य आहे. ते लागलेल्या कातडीवर ऊन पडले की ती भाजते. घामाने भिजलेल्या अंगात ते जास्त मुरते. ही अ‍ॅलर्जी नव्हे, कोणालाही होऊ शकते. आग उशिरा होत असल्याने झाडाचा संशयही येत नाही.

म्हणून छाटणी दिवस मावळताना करा. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. फांद्या उचलू नका, दोरीने बांधून ओढत न्या. लावणीसाठी काड्या कापतानाही हातमोजे काढू नका. काम होताच हात साबणाने धुवा, कपडे वेगळे भिजवा आणि पुढचे दोन-तीन दिवस हात उन्हापासून झाकून ठेवा. मुलांना पाने खुडू देऊ नका.

आग झालीच तर लिंबू मुळीच चोळू नका. त्याच्या सालीतही याच जातीची द्रव्ये असतात. फोड फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठा.

पिकल्या फळाचे भय नाही. चीक गळतो तो कच्च्या फळाच्या देठातून, आणि कच्चे तोडलेले अंजीर घरी ठेवून नीट पिकत नाही. विकायचे असेल तर फळ थोडे आधी उतरवावे लागते. घरच्या झाडाला ती घाई नाही. फळ मऊ पडून मान टाकेल तेव्हाच तोडा.