देवदूत आला, तरी घाम थांबला नाही
घबराटीचा झटका आणि आपली श्रद्धा

वाचने : लूक २२:३९-४६; १ राजे १९:१-८; फिलिप्पै ४:४-९



धर्मग्रामातील घरांना भेटी देताना काही प्रश्न मोठ्याने विचारले जातात, तर काही बाकीची मंडळी उठून आत गेल्यावर, हलक्या आवाजात. हलक्या आवाजातला एक प्रश्न अलीकडे वारंवार कानी येतो : "फादर, मी रोज रोजरी म्हणते, मिस्सा चुकवत नाही. तरी मध्येच छातीत धडधड सुरू होते, हातपाय कापतात, आता मी मरणार असे वाटते. माझी श्रद्धा कमी पडते का?"

या प्रश्नात दोन दुःखे आहेत. एक आजाराचे आणि दुसरे अपराधीपणाचे. पहिल्यावर डॉक्टरांकडे उपचार आहेत. दुसरे मात्र पुष्कळदा आपणच, श्रद्धेच्या नावाने, त्या माणसाच्या माथी मारलेले असते. म्हणून आज या विषयाचा थोडा अभ्यास करू या.

हा झटका म्हणजे काय?

संकट दिसले की पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी शरीर सज्ज होते. ही देवाने दिलेली व्यवस्था आहे. हृदय जोराने धडधडते, श्वास जलद होतो, घाम फुटतो. वाटेत नाग आडवा आला, तर हीच व्यवस्था आपला जीव वाचवते. पण कधी कधी समोर नाग नसतानाही ती सुरू होते. यालाच पॅनिक अटॅक किंवा घबराटीचा झटका म्हणतात. जलद श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. मग त्या चक्करेचीच भीती वाटते आणि भीतीने झटका आणखी वाढतो. बहुतेक वेळा तो दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि हळूहळू ओसरतो.

त्रास खरा असतो, नाटक नसते. छातीत पहिल्यांदाच असे दुखले, तर 'मनाचे खेळ' म्हणून घरी बसू नये. हृदयविकार आणि थायरॉइडचे विकारही अशीच लक्षणे दाखवतात. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

भीती वाटणे हे पाप आहे का?

तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी मनुष्याच्या भावनांचा बारकाईने विचार केला. त्यांचे म्हणणे असे की भय, दुःख, राग या भावना स्वतःहून पापही नाहीत आणि पुण्यही नाहीत. बुद्धी आणि इच्छा यांनी आपण त्यांचे काय करतो, तेथून चांगल्या-वाईटाचा प्रश्न सुरू होतो. जो झटका मी बोलावला नाही आणि जो माझ्या सांगण्याने थांबत नाही, त्यात माझी संमती कोठे आहे? आणि संमतीवाचून पाप कसे घडेल?

येथे कोणी म्हणेल, "पण फादर, चिंता करू नका असे प्रभूनेच सांगितले आहे ना?" होय, मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू आकाशातील पाखरे आणि रानातील फुले दाखवून हे सांगतो. रडणाऱ्या लेकराला आई 'घाबरू नकोस' म्हणते, तेव्हा ती त्याला गुन्हेगार ठरवत नाही, त्याला जवळ घेते. प्रभूचे शब्द त्या सुरात ऐकायला हवेत. फिलिप्पैकरांना कशाचीही चिंता करू नका असे लिहिणारा संत पौल त्या वेळी बंदिवासात होता. आणि तोच पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (११:२८) सर्व ख्रिस्तसभांची चिंता आपल्याला रोज ग्रासते, असे मोकळेपणाने सांगतो. मूळ ग्रीक भाषेत दोन्ही ठिकाणी चिंतेचा शब्द एकाच धातूचा आहे.

गेथशेमाने बागेत

आता लूकचा बाविसावा अध्याय उघडा आणि घटनांचा क्रम नीट पाहा. येशू गुडघे टेकून प्रार्थना करतो. स्वर्गातून देवदूत येऊन त्याला बळ देतो. आपली अपेक्षा अशी की आता सारे शांत झाले असेल. पण पुढच्याच वचनात त्याची व्याकुळता वाढते, तो अधिक कळकळीने प्रार्थना करतो आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो. देवदूत आधी आला, घाम नंतर आला!

ज्यांना झटके येतात त्यांनी हा क्रम मनात कोरून ठेवावा. प्रार्थनेनंतरही शरीर थरथरत राहिले, म्हणून प्रार्थना वाया गेली असे होत नाही. पित्याने पुत्राचे ऐकले होते, मदतही पाठवली होती, तरी देह थरथरत होता. त्या रात्री प्रभूची भीती नाहीशी झाली नाही. भीतीसह पित्याचा हात धरून तो उठला आणि पुढे गेला. श्रद्धेने भीतीवर मिळवलेला विजय बहुधा असाच दिसतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्या. मत्तय सांगतो की येशूने पुन्हा पुन्हा त्याच शब्दांत प्रार्थना केली. घाबरलेल्या मनाला लांब प्रार्थना पेलत नाही, थोडे शब्द पुरतात. आणि त्याने तीन मित्रांना जवळ थांबायला सांगितले. देवपुत्रालाही त्या वेळी माणसांची सोबत हवीशी वाटली.

देवाने एलियाला आधी काय दिले?

ईजबेल राणीच्या धमकीने घाबरून एलिया रानात पळाला आणि झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोप दिली, मग भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. होरेब डोंगरावरचे संभाषण त्यानंतरचे. संत थॉमस यांनीही दुःखावरच्या उपायांत अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्याबरोबर झोप आणि स्नान यांची गणना केली आहे.

औषधाचेही तसेच. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय सांगतो की वैद्याला देवानेच निर्माण केले आहे आणि औषधे त्यानेच भूमीतून उत्पन्न केली आहेत. बाळ येशूच्या संत तेरेजाचे वडील लुई मार्टिन १८८९ ते १८९२ अशी तीन वर्षे फ्रान्समधील काँ शहराच्या मनोरुग्णालयात होते. त्या काळी लोकांच्या कुजबुजीने या कुटुंबाला फार यातना झाल्या. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच लुई मार्टिनना, पत्नी झेलीसह, संत म्हणून घोषित केले. मनाच्या आजारावर उपचार घेतल्याने संतपदाची वाट बंद होत नाही.

'बाहेरची बाधा' म्हणून इकडे तिकडे धावणाऱ्यांसाठी एक सूचना. कॅथलिक ख्रिस्तसभेची शिकवण (क्र. १६७३) स्पष्ट सांगते की भूतबाधा निवारणाच्या विधीपूर्वी हा आजार तर नाही ना, याची खात्री करून घेणे महत्त्वाचे आहे. बिशपांच्या खास परवानगीशिवाय कोणत्याही धर्मगुरूला तो विधी करता येत नाही. मग गंडेदोरे देणाऱ्यांची काय कथा!

झटका येतो तेव्हा

१. बसा आणि मनाशी म्हणा, 'हा झटका आहे, तो ओसरेल.' पूर्वी तपासणी झालेली असेल, तर हे खात्रीने म्हणता येते.

२. श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. घेताना 'येशू' म्हणा, सोडताना 'तू जवळ आहेस' म्हणा. हातात जपमाळ असल्यास एकेका मण्याचा स्पर्श अनुभवा.

३. झटका ओसरल्यावर स्वतःला दोष देऊ नका. मात्र भीतीपोटी बाजार, बस, मिस्सा असे एकेक टाळत गेल्यास भीतीचे राज्य वाढते. थोडे थोडे करून परत जा.

४. झटके पुन्हा पुन्हा येत असल्यास मनोविकारतज्ज्ञांना भेटा. समुपदेशन आणि औषधे या दोहोंचा चांगला उपयोग होतो. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. ती मनाने बंद करू नयेत. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. जगणे नको असे विचार येत असतील, तर उद्याची वाट न पाहता आजच कोणाला तरी सांगा.

आपण सर्वांनी काय करावे?

गर्दीच्या मिस्सेत गुदमरायला होत असेल, त्यांनी दाराजवळच्या बाकावर बसावे. मध्येच बाहेर जावे लागले तर जावे आणि बरे वाटल्यावर परत यावे. परमेश्वर हजेरी मांडत बसलेला नाही. आजारामुळे येणे जमलेच नाही, तर रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून सूट आहे. कळवल्यास ख्रिस्तप्रसाद घरी आणता येतो. आणि बाकीच्यांनी मान वळवून पाहू नये. 'जास्त प्रार्थना कर' हा सल्ला देण्याआधी त्या व्यक्तीशेजारी बसून स्वतः थोडी प्रार्थना करावी. गेथशेमानेत शिष्यांना झोप लागली. आपण तरी जागे राहू या.

चिंतनासाठी प्रश्न

• माझ्या घरात कोणाची भीती मी 'नाटक' म्हणून उडवून लावली आहे का?
• मला त्रास होतो तेव्हा मी जवळ बोलावू शकेन अशा तीन व्यक्ती कोण?

प्रार्थना

प्रभू येशू, तू भीती जाणतोस, कारण ती तू आपल्या देहात सोसलीस. आमचे हात कापतात तेव्हा ते तुझ्या हातात घे. डॉक्टरांच्या बुद्धीला आणि शेजाऱ्यांच्या मायेला आशीर्वाद दे. आणि वादळ शमण्याआधीही तू नावेत आहेस, हे आम्हांला विसरू देऊ नकोस. आमेन.