डोंगरावरचे बेट

मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर २०१८ साली समुद्राखालून केबल टाकून वीज नेली. तोवर तेथे संध्याकाळी काही तास डिझेलचे जनित्र चाले. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला समुद्र नाही. पण अकोले तालुक्यात आषाढातल्या पावसात तारांवर झाड कोसळले, की डोंगरावरचा मोबाइल टॉवर असाच बेट बनतो. तेव्हा त्याला जगवते ती बॅटरी.

तिचा विद्युत् दाब ४८ व्होल्ट असतो. शिसे-आम्ल घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट, म्हणून असे २४ घट एकसर जोडतात. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्येही हीच रीत होती. वीज असताना घट भरलेले राहतात आणि ती जाताच क्षणाचाही खंड न पडता भार उचलतात.

समजा, टॉवरला १ किलोवॉट शक्ती लागते आणि वीज १० तास गेली. लागणारी ऊर्जा १० किलोवॉट-तास. १०,००० ला ४८ ने भागा. सुमारे २०८ अँपिअर-तास येतात. मग २०८ ची बॅटरी आणली की झाले? येथेच बरेच जण फसतात.

घटातून धारा वाहते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते. लगेच चार्ज केले तर ते परत मोकळे होते. घट रिकामाच पडून राहिला, तर त्याचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. वारंवार तळ गाठणारी बॅटरी म्हणून लवकर मरते. एका पावसाळ्यात मी त्या भागात एका विद्यार्थ्याच्या घरी मुक्कामाला होतो. वीज गेली आणि तीन तासांत फोनही मुका झाला. शेजारच्या बाईला कळा सुरू झाल्या होत्या. १०८ ला फोन लावण्यासाठी त्या मुलाचे वडील काळोखात, भर पावसात दुसऱ्या टॉवरची रेंज मिळेपर्यंत टेकडी चढून गेले. गाडी आली, सारे ठीक झाले. पण कागदावर ती बॅटरी तीन तासांची खचितच नसणार.

तेव्हा निम्मीच क्षमता वापरायची असे धरून ४१६ अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. तिचे वजन सहाशे किलोच्या आसपास भरते! लिथियमची बॅटरी बरीच हलकी, म्हणून आता तिचा वापर वाढतो आहे.

ऊर्जा साठवायला रसायनेच लागतात असे मात्र नाही. याच तालुक्यात घाटघरला ती पाण्यात साठवतात. विजेची मागणी कमी असताना सह्याद्रीच्या कड्याखालच्या, ठाणे जिल्ह्यातील जलाशयातले पाणी वर चढवायचे. मागणी वाढली की खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज मिळवायची. आपल्या टॉवरची गरज ३ कोटी ६० लाख ज्यूल. उंची ४०० मीटर धरा, तूट सोडून द्या. Mgh च्या सूत्राने सुमारे ९,२०० लिटर पाणी पुरते. उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा एक मोठा टँकरच म्हणा ना!

आता तुमच्या शाळेच्या गच्चीवरची टाकी घ्या. ती १० मीटर उंचीवर असेल, तर तेवढ्याच ऊर्जेसाठी किती लिटर पाणी लागेल? गणित करून गुरुजींना दाखवा.