सुचणे ही सवय आहे



'मला काही सुचतच नाही' असे निबंधाच्या तासाला आपण म्हणतो आणि घरी जाऊन गाईड उघडतो. सुचणे ही मोजक्या लोकांनाच मिळालेली देणगी आहे, असा आपला समज असतो. तो खरा नाही.

कवयित्री इंदिरा संत बेळगावात राहिल्या. अध्यापन आणि घरसंसार सांभाळून त्यांनी लिहिले. त्यांच्या 'गर्भरेशीम' या संग्रहाला १९८४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बायकांच्या ओव्याही त्यांनी 'मालनगाथे'त एकत्र केल्या. जात्यावर ओव्या रचणाऱ्या कितीतरी जणींनी शाळा पाहिली नव्हती. हात दळत होते, मन रचत होते.

अंदाजाचेही तसेच आहे. निपाणी भागात विड्या वळणाऱ्या बायका प्रत्येक विडीसाठी तंबाखू तोलून घेत नाहीत, तरी चिमूट बरोबर येते. हा चमत्कार नव्हे; हजारो वेळा केलेल्या कष्टाने बोटांना आलेली ती जाण आहे.

असा सराव आपल्यालाही रोज करता येईल.

१. आधी अंदाज, मग खात्री : आठवडी बाजारात बटाटे पिशवीत घेऊन वजन सांगा, मग तराजूकडे पाहा. दोन्ही आकडे वहीत लिहा. महिन्याने चूक किती कमी झाली ते तपासा.

२. दोन भाषांचा खेळ : कानावर पडलेल्या कन्नड शब्दाचा अर्थ आधी ओळखा, मग विचारा. 'तुप्प' म्हणजे तूप, हे लगेच कळेल. पण 'हालु' म्हणजे हाल नव्हेत, दूध! अंदाज फसला, की शब्द पक्का लक्षात राहतो.

३. एक वस्तू, दहा उपयोग : नारळाची करवंटी घ्या. पहिले चार उपयोग सर्वांनाच सुचतात. खरी गंमत पाचव्यापासून सुरू होते.

४. दिवाळीचा किल्ला : तयार किल्ला आणू नका. येळ्ळूरचा राजहंसगड पाहून या. बुरूज तिथेच का? पाणी कुठे साठवत असतील? मग माती, दगड, पोते घेऊन बांधायला बसा. बुरूज ढासळला तर कारण शोधा आणि पुन्हा बांधा.

५. कामातली ओवी : भांडी पुसताना, अंगण झाडताना त्या कामावर दोन ओळी जुळवा. यमक नाही जुळले तरी चालेल.

पालकांनो, मुलाने प्रश्न विचारला की लगेच उत्तर देऊ नका. 'तुला काय वाटते?' असे आधी विचारा. अंदाज चुकला म्हणून हसू नका. एकदा हसे झालेले मूल पुढच्या वेळी गप्प बसते. सीमाभागातल्या आपल्या मुलांना मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकाव्या लागतात. नुसते पाठांतर करून घेतले तर ते ओझे होईल, खेळू दिले तर तेच भांडवल ठरेल. मराठी शाळेत मुलाला का घालायचे, असे आज अनेक घरांत विचारले जाते. घरच्या भाषेत मूल मोकळेपणाने विचार करू लागले, तर त्याचे उत्तर मूलच देईल.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. व्हरांड्यात एक फळा राखून ठेवावा. दर सोमवारी त्यावर एक प्रश्न लिहावा आणि आठवडाभर मुलांनी खाली उत्तरे लिहावीत. त्या उत्तरांना गुण मात्र देऊ नयेत.