‘नाही’ आणि ‘अजून नाही’

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने निघाले की वाटेत सातपूरची औद्योगिक वसाहत लागते. सकाळची पाळी सुरू होताना तेथील एखाद्या लहान वर्कशॉपची कल्पना करा. कामगार लेथपाशी उभा आहे. पण मायक्रोमीटर स्टोअरच्या कपाटात आहे आणि चावीवाला स्टोअरकीपर अजून यायचा आहे. ‘मायक्रोमीटर नाही’ असे ठरवून त्याने अंदाजाने कातकाम केले, तर माल भंगारात जाईल. ‘अजून नाही’ एवढेच सांगून तो थांबला, तर थोड्या वेळाने काम बिनचूक होईल.

संगणक सुरू होतो तेव्हा त्याच्यापुढेही नेमका हाच पेच असतो.

समजा, त्याच वर्कशॉपमध्ये यंत्रावरील नगांची मोजदाद ऑफिसातल्या संगणकाकडे पाठविणारी एक पेटी आहे. तिच्यात लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. पेटीतील प्रत्येक उपकरणासाठी कार्यप्रणालीजवळ एक आज्ञावली असते. तिला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. वीज येताच कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, एकेका ड्रायव्हरला हाक मारून विचारतो : ‘हे उपकरण तू चालवतोस का?’ या चाचपणीला ‘प्रोब’ असे नाव आहे.

नेटवर्कचा ड्रायव्हर मोठा परावलंबी गडी! त्याला वीजपुरवठा नियंत्रित करणारी चिप हवी, ठराविक ठेक्याचे स्पंद देणारे ‘क्लॉक’ हवे, तारेवरचे संकेत घडविणारी ‘फाय’ नावाची चिप हवी. शिवाय अनेक पेट्यांत नेटवर्कचा स्वतःचा ४८ बिटांचा मॅक पत्ता एका छोट्या स्मृतिचिपमध्ये लिहिलेला असतो. या प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा, आणि कोण आधी जागा होईल याची खात्री नाही. आज स्मृतिचिप पुढे, उद्या नेटवर्क पुढे.

आता एखाद्या निष्काळजी ड्रायव्हरने पत्ता मागितला, तो मिळाला नाही, आणि त्याने ‘पत्ता नाही’ असा अर्थ लावला तर? तो स्वतःच एक यादृच्छिक पत्ता रचतो आणि कामाला लागतो. पेटी चालू दिसते, दिवा लुकलुकतो. परंतु नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या यंत्राला ती नवखी वाटते व ते तिला निराळा आयपी क्रमांक देते. ऑफिसातला संगणक मात्र जुन्या क्रमांकावर वाट पाहत बसतो. बरे, हा बिघाड रोज होत नाही. वीज जाऊन आल्यावर एखाद्या वेळीच होतो. दुरुस्तीला आलेला माणूस पेटी बंद करून चालू करतो, सर्व ठीक दिसते, आणि तो निघून जातो. असला बिघाड शोधणे फार जिकिरीचे असते.

यावरचा उपाय २०१२ साली लिनक्सच्या ३.४ या आवृत्तीत आला. ‘असे उपकरण नाही’ याचा सांकेतिक क्रमांक १९ पूर्वीपासून होता. त्याच्या जोडीला ५१७ हा नवा क्रमांक आला. त्याचा अर्थ ‘अजून नाही, मला पुन्हा विचारा’. हे उत्तर मिळताच कर्नल त्या उपकरणाला प्रतीक्षायादीत टाकतो. पुढे कोणतेही दुसरे उपकरण यशस्वीपणे सुरू झाले, की यादीतल्या सर्वांना पुन्हा हाक मारतो. कोण कोणासाठी अडले आहे, हे त्याला ठाऊक असण्याची गरजच नाही. काही हाका फुकट जातात खऱ्या. पण युक्ती इतकी सोपी आहे, की ती फुकट मेहनत परवडते. पुढच्या काळात कर्नलला हे परावलंबन आधीच वाचता येऊ लागले व फुकटच्या हाका कमी झाल्या.

ड्रायव्हरने मात्र काही पथ्ये पाळली पाहिजेत. ५१७ हे उत्तर आले तर ते जसेच्या तसे वर पोचवावे. माघार घेताना तोवर घेतलेले सर्व उलट क्रमाने परत करावे; चालू केलेले क्लॉक बंद करावे, धरलेली स्मृती सोडावी. दर खेपेला ‘चूक, चूक’ अशी ओरडही करू नये.

एक पथ्य विशेष मजेदार आहे. समजा, नेटवर्क ड्रायव्हरने आधी फाय चिपची नोंद केली, ती यशस्वी झाली, आणि मग तो म्हणाला, ‘अजून नाही.’ फायच्या यशामुळे कर्नल यादीतल्यांना हाक मारतो. त्यात हाच ड्रायव्हर असतो! तो पुन्हा फायची नोंद करतो, पुन्हा यश, पुन्हा माघार, पुन्हा हाक. हे रहाटगाडगे थांबायचेच नाही. म्हणून थांबायचे असेल, तर पोटातील उपकरणांची नोंद करण्यापूर्वीच थांबावे, असे कर्नलच्या माहितीपुस्तकात बजावले आहे.

यादृच्छिक पत्ता ओळखण्याची एक खूण आहे. मॅक पत्ता बारा षोडशमान अंकांत लिहितात. त्यातला डावीकडून दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नसून नंतर रचलेला असतो. आजचे बरेच मोबाइल फोन आपली ओळख लपविण्यासाठी वाय-फायवर मुद्दाम असाच पत्ता वापरतात. घरच्या फोनच्या सेटिंगमध्ये तो सापडेल; दुसरा अंक तपासून पाहा.