फेर आणि नदी : समूहनृत्यातून जलजागृती

नृत्य म्हटले की रंगमंच, रोषणाई आणि समोर बसलेले प्रेक्षक डोळ्यांपुढे येतात. परंतु आपल्या कागल परिसरातील जुन्या फेराला वेगळा प्रेक्षक लागत नाही. गौरीच्या सणाला मुली-बाया पाणवठ्यावरून गौर आणतात, रात्री झिम्मा-फुगडी घालतात आणि शेवटी ती पाण्यातच बोळवतात. कडेला उभी राहून बघणारीही थोड्या वेळाने फेरात ओढली जाते. या फेराचा उपयोग नदीविषयी जाणीव निर्माण करण्यासाठी कसा होईल, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

असा विचार अन्यत्रही झाला आहे. रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) या नृत्यतज्ज्ञाने १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत सामान्य माणसांचे समूह एकत्र आणून त्यांच्याकडून तालबद्ध हालचाली बसवून घेतल्या. नृत्याचे शिक्षण ही त्यासाठी अट नव्हती. त्याच परंपरेतील अभ्यासकांनी ‘ग्लोबल वॉटर डान्सेस’ हा उपक्रम सुरू केला. २०११ पासून दर दोन वर्षांनी जून महिन्यात जगभर नदीकाठी, तळ्याकाठी, समुद्रकिनारी लोक एकाच दिवशी नाचतात. त्याचे भाग चार : आरंभीचा विधी, त्या गावाच्या पाण्याच्या प्रश्नावरील नृत्य, सर्व ठिकाणी सारखे असणारे नृत्य आणि जमलेल्या सर्वांना सामावून घेणारे अखेरचे नृत्य. यांतील शेवटचा भाग म्हणजे आपला फेरच होय.

येथे एक आक्षेप येईल. नाचून का कुठे नदी स्वच्छ होते? आक्षेप रास्त आहे. पंचगंगा बिघडली ती शहरांच्या सांडपाण्याने आणि कारखान्यांच्या मळीने व रंगीत पाण्याने. ते पाणी शुद्ध करूनच सोडले पाहिजे. त्याला नृत्य हा पर्याय नव्हे. मात्र कामाला माणसे एकत्र यावी लागतात, आणि तेथे नुसते भाषण अपुरे पडते. पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा घेतली, तेव्हा गावकऱ्यांच्या प्रशिक्षणात खेळ आणि गाणी यांनाही स्थान होते. पण त्या खेळांमागोमाग हातात कुदळ-फावडे आले, हे विसरता कामा नये. त्या वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव पहिले आले.

आता आपल्या दाराशी येऊ. दूधगंगेवर काळम्मावाडी येथे सुमारे २५ टीएमसीचे धरण आहे आणि ही नदी कागलजवळून वाहत पुढे कृष्णेला मिळते. इकडे पंचगंगेचे पाणी दूषित झाल्याने इचलकरंजीला दुसरीकडून पाणी शोधणे भाग पडले. २०१२ मध्ये तेथे काविळीची मोठी साथ आली होती. पुढे कागल तालुक्यातील सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी त्या शहराला देण्याची योजना मंजूर झाली, आणि २०२३ मध्ये तिच्यावरून दोन्ही बाजूंनी आंदोलने झाली. शेतकऱ्याला उसाची काळजी, शहराला घागरीची. दोघांचीही काळजी खरी आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात तीन दिवसांची कार्यशाळा याच प्रश्नावर घेता येईल. पहिल्या दिवशी नदीकाठाने चालावे. पाणी कोठे उपसले जाते व नाला कोठे मिळतो, ते टिपून घ्यावे. दुसऱ्या दिवशी कामाच्या हालचाली गोळा कराव्यात : घागर उचलणे, उसाला पाणी पाजणे, धुणे आपटणे, टँकरपुढे रांगेत उभे राहणे. त्या हालचाली शेतकरी आणि गृहिणी यांच्याकडूनच शिकाव्यात. शिकणाऱ्याला मग दुसऱ्याच्या श्रमाचे वजन आपल्या अंगावर कळते. तिसऱ्या दिवशी घाटावर फेर धरावा आणि त्यात इचलकरंजीच्या विद्यार्थ्यांनाही बोलवावे. फेर संपल्यावर तेथेच बसून नाल्यांची यादी वाचावी व पुढच्या कामाची वाटणी करावी.

नदीला वरचे गाव असते आणि खालचे गाव असते. फेरात मात्र कोणी वर नाही, कोणी खाली नाही. शेजाऱ्याचा हात सुटला की फेर मोडतो. पाण्याचा तंटा एका फेराने मिटणार नाही, हे खरे. परंतु ज्याचा हात धरून आपण नाचलो, त्याच्या कोरड्या घागरीविषयी बोलताना आपली भाषा निश्चितच बदलेल. बोलणे तेथूनच सुरू व्हावे.